सहावा चोर

तीस वर्षं पडद्यावर प्रेतं आणि पहारेकरी होऊन काढल्यावर तिच्या नवऱ्याला एकदाची तोंड उघडायची भूमिका मिळाली होती: चोरलेल्या हिऱ्यांसाठी एकमेकांना हसत-खेळत यमसदनी धाडणाऱ्या सहा चोरांपैकी सगळ्यात आधी मरणारा. वाक्य एकच. शूटिंग संपल्यावर आठव्या दिवशी तो झोपेतच गेला, आणि आता निर्माता संकलनाच्या खोलीत येऊन तिला सांगत होता, "बाई, सहा चोर फार होतात हो. लोकांचा गोंधळ उडतो. तुमच्या मिस्टरांना काढून टाका."

"एकच वाक्य आहे त्यांचं, साहेब."

"म्हणून तर. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

पंचवीस वर्षं ती सिनेमे कापत-जोडत आली होती. परक्यासमोर रडणाऱ्यांतली ती नव्हती. दातओठ खात तिने त्याचं वाक्य काढलं, जिन्यावरून गडगडत येऊन मरण्याचं दृश्य काढलं, सगळे एकत्र होते तिथूनही त्याला पुसून घेतलं. मग जोडलेलं चालवून बघताना तिचा हात थांबला. टेबलाभोवतीचे पाच चोर बोलता बोलता थबकत होते, रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, एक वाक्य बोलून व्हावं एवढाच वेळ, आणि मग खो खो हसत होते. असं काही चित्रित झालंच नव्हतं. एकेक टेक तिला तोंडपाठ होता. तिने तो भाग पुन्हा लावला, आणि कितीतरी दिवसांनी तिलाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निर्माता बघायला बसला.

"हे कुणाकडे बघून हसतायत?"

"तुम्हीच सांगा."

"चेष्टा करताय?"

"काढा म्हणालात, काढलं. आणखी कापायचं असेल तर मशीन समोर आहे. मी आता हात लावणार नाही. हवं तर मला काढा."

तो काही बोलणार, एवढ्यात शेवटचं दृश्य आलं. पाच प्रेतं आपापल्या जागी होती. चित्रित करताना मधोमध ठेवलेली हिऱ्यांची पेटी आता नव्हती, आणि तेव्हा आतून कडी घातलेलं दार सताड उघडं होतं.

"पाचही मेले," निर्माता चाचरत म्हणाला. "मग पेटी नेली कुणी?"

"सहाव्याच्या मरणाचं दृश्य तुम्हीच काढायला लावलंत ना, साहेब?"

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी चढत. निर्माता दाराकडे बघत राहिला. तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून खाली ठेवली.