कोलूच्या केसपेपरवरची वेळ

जिल्ह्यातल्या बारा सरकारी दवाखान्यांची तुलना करणारी यादी आली, तेव्हा सर्पदंशाच्या रकान्यात साधना सिस्टरचा दवाखाना सगळ्यात खाली होता. वर्षात एकोणपन्नास रुग्ण, सात मृत्यू. पहिल्या नंबरच्या दवाखान्यात एकही मृत्यू नव्हता.

"ते गंभीर पेशंट ठेवतच नाईत," डॉ. सुरेंद्र वैतागले. "मोठ्या दवाखान्यात पाठवून देतात, मग मृत्यू तिकडच्या नावावर. आपल्याकडे जंगलातून लोक येतात चार-चार तासांनी. सिस्टर, सोमवारच्या बैठकीत हेच मांडायचं. सातही फायली काढा."

साधनाने फायली काढल्या. पाच जणांच्या बाबतीत डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं. एकाला तर बाजेवर टाकून अकरा किलोमीटर आणलं होतं. उरलेले दोघे मात्र साप चावल्यापासून तासाच्या आत पोचले होते. त्यातल्या एकाच्या केसपेपरवर येण्याची वेळ होती पाच दहा आणि विषावरच्या पहिल्या इंजेक्शनची सहा पंधरा.

तिने ते परत वाचलं. मग तिला तो दिवस आठवला. आधी केसपेपर झाला, मग क्वार्टरवरून डॉक्टरांना बोलावलं, मग कळलं की औषधाच्या कपाटाची किल्ली फार्मासिस्टच्या खिशात आहे आणि तो घरी गेलाय. रुग्णाचं नाव कोलू. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर त्याला मागून घट्ट धरून बायको बुधरीने आणलं होतं. कोलू दगावल्यावर व्हरांड्यात साधनानेच तिला सांगितलं होतं, "आणायला उशीर झाला, बाई."

तिने तो केसपेपर दाखवला तेव्हा "हे कशाला उकरता?" डॉक्टर म्हणाले.

"यादीत चूक आहे सर. पण सगळीच चूक नाई."

डॉक्टर बराच वेळ फाईल चाळत बसले. सोमवारी त्यांनी दोन्ही गोष्टी मांडल्या. दुसरीकडे पाठवलेला रुग्ण दगावला तर तो पाठवणाऱ्याच्याही नावावर धरायचा, हे वरिष्ठांनी मान्य केलं. इथे विषावरची औषधं कपाटातून तपासणीच्या खोलीत आली. इंजेक्शन आधी, केसपेपर मागून. पुढच्या पावसाळ्यात कुणालाही वीस मिनिटांच्या वर थांबावं लागलं नाही.

साधनाचं मन तरी थाऱ्यावर येईना. एका सुट्टीच्या दिवशी ती बुधरीच्या गावी गेली. बुधरी अंगणात मोहफुलं निवडत होती.

"तू उशीर नव्हता केला," साधना म्हणाली. "आमच्याकडे झाला. तासाच्या वर. आणि मी तुझ्यावर ढकललं."

बुधरीचे हात थांबले. "माहा सासरा वर्षापासून माह्यासंगं बोलत नाई," ती म्हणाली. "लोकायले सांगते, ही गाडी शोधत बसली म्हणून पोरगा गेला." मग ती उठली. "त्याले मराठी कमी समजते. तू सांग, मी गोंडीत सांगन."

म्हातारा पडवीत बांबू सोलत होता. साधनाने एकेक वेळ सांगितली. बुधरी ती गोंडीत सांगत गेली. साधना प्रत्येक वाक्याला थांबत होती. घाई केली नाही.

सगळं ऐकून म्हाताऱ्याने सुरी खाली ठेवली. साधनाकडे त्याने पाहिलंच नाही. मग बुधरीकडे वळून हळूच काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाले?" साधनाने भीत भीत विचारलं.

बुधरीने डोळे पुसले. "मले विचारते, सकाळपासून काही खाल्लं का म्हणून."