ओळखीचं माणूस

ती दात बनवायची. गावातले चार-पाच दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे साचे तिच्याकडे पाठवत आणि ती त्यांत प्लास्टर ओतून, मेण चढवून, एकेक दात बसवून कवळ्या तयार करी. एकवीस वर्षं तीच प्रयोगशाळा, एकच खिडकी, एकच दिवा. शेकडो लोकांची तोंडं तिला पाठ होती, पण रस्त्यात भेटला असता तर एकही जण ओळखू आला नसता.

मान दुखते म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तेव्हा नवरा घर सोडून गेल्याला दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मान दुखायची थांबली नाही, पण पोहण्याचं वेड लागलं ते लागलंच. बावन्नाव्या वर्षी तिने मनाशी ठरवलं, सरोवर या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जायचं. वीस किलोमीटर, साधारण नऊ तास.

मग वर्षभर तिने दुसरं काही केलं नाही. सकाळी साडेपाचला तरणतलाव, सुट्टीच्या दिवशी सरोवर. गार पाण्याची सवय व्हावी म्हणून थंडीतही अंघोळ गारच. जन्मभर वजन कमी करायला धडपडलेली बाई आता अंगावर चरबी हवी म्हणून लोण्याचा गोळा नुसता खायची. तरणतलावावर तिच्या शेजारच्या पट्ट्यात रोज एक टक्कल पडलेला गृहस्थ असे. दोघं एकमेकांना मान हलवत. एकदा तो तिला भाजीच्या दुकानात दिसला, तेव्हा त्याने ओळखलंच नाही. तिची पोहायची टोपी आणि चष्मा नव्हता ना.

सरोवर पार करण्याचा उपक्रम दरवर्षी भरे, त्याचा अर्ज भरताना गाडं अडलं. होडीवाला आयोजक देणार होते, पण होडीत सोबतीला एक माणूस आपलं आपण आणायचं होतं.

"मी पैसे देऊन कोणी ठेवला तर?" तिने कचेरीतल्या बाईंना विचारलं.

"नाही चालत. ओळखीचं हवं. गार पाण्यात हातपाय नंतर थकतात, आधी डोकं जातं. माणूस भलतंच बोलायला लागतं आणि त्याचं त्याला कळत नाही. तुम्ही एरवी कशा बोलता हे माहीत असलेलं माणूस पाहिजे. ते दर तासाला तुम्हाला दोन-चार प्रश्न विचारणार."

ती घरी आली आणि फोनमधली नावं बघत बसली. भावाला विचारलं. तो म्हणाला, "या वयात हे काय खूळ काढलंस? आणि माझ्या कंबरेचं माहीत आहे ना तुला?" प्रयोगशाळेतली जोडीदारीण म्हणाली, "अगं, आले असते, पण मला बोट लागते." शाळेतली मैत्रीण आनंदाने हो म्हणाली आणि चार दिवसांनी तितक्याच आनंदाने नाही म्हणाली. यादी तिथेच संपली. एवढ्या लवकर संपेल असं तिला वाटलं नव्हतं.

अर्जाच्या मुदतीला आठवडा राहिला असताना तिची धाकटी नणंद प्रयोगशाळेत आली. पूर्वीची नणंद म्हणायला हवं. नऊ वर्षांत दोघींची गाठ नव्हती. तिने पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. आत सासूबाईंची कवळी, मधोमध तडकलेली.

"वहिनी, आईला दुसऱ्या कोणाच्या हातची चालत नाही. दोन ठिकाणी करून बघितली. म्हणते, तिनेच केलेली बसते."

"बसा वन्सं," तोंडातून सवयीने गेलं. मग तिने विचारलं, "वन्सं म्हटलेलं चालतं ना अजून?"

"मी वहिनी म्हटलंच की."

तडा सांधायला तास गेला. नणंद समोर स्टुलावर बसून राहिली. आपल्या भावाचा विषय तिने काढला नाही, हिनेही काढला नाही. कवळी घासूनपुसून हातात देताना हिने विचारूनच टाकलं. एका दमात सगळं सांगितलं, नाही ऐकायची तयारी ठेवून.

नणंदेने कवळी डबीत घातली. "मला पोहता येत नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला बसायचंच आहे."

"नऊ तास?"

"दहाही लागतील."

"आईजवळ कोणाला तरी बसवावं लागेल," असं म्हणून तिने तारीख विचारली.

त्या दिवशी उजाडता उजाडता ती पाण्यात उतरली. पाणी सोळा अंश. पहिली दहा मिनिटं छातीवर कोणी बसल्यासारखी गेली, मग अंगाने तक्रार सोडली. होडी उजव्या हाताला. दर तासाला नणंद दोरीला बांधलेल्या बाटलीतून कोमट साखरपाणी खाली सोडायची आणि कागद बघून विचारायची.

"आज वार कोणता? तुझ्या दाराचा रंग? आपल्या घरी मांजर होतं त्याचं नाव?"

"तुम्हाला आठवतंय ते?"

"उत्तर दे आधी."

पाचव्या तासाला नणंदेचा चेहरा हिरवट पडला होता, पण जिभेला धार होती. "वहिनी, एका घरात होतो तेव्हा आपण एकमेकींना पाण्यात पाहायचो. आज खरोखरच पाहतेय." होडीवाला मोठ्याने हसला. हिच्या नाकातोंडात पाणी गेलं.

सहाव्या तासाला वारा सुटला. लाटा तोंडावर यायला लागल्या. पाण्याखाली हिरवा काळोख, वर राखाडी आभाळ. मध्ये तिचा हात पुढे जायचा आणि मागे यायचा. आपल्याशिवाय जगात कोणी नाही असं तिला वाटलं, आणि त्याचं दुःखही वाटेना. सातवा तास गेला. आठव्याला पलीकडच्या काठावरची झाडं वेगळी वेगळी दिसायला लागली. मग तिला छान ऊब वाटली. एवढं तिला आठवत होतं.

पुढचं आठवतं ते होडीतलं. चार ब्लँकेटं, कडकडणारे दात आणि पाठ चोळणारी नणंद.

"का काढलंत मला? काठ दिसत होता."

"दोन किलोमीटर होते," होडीवाला हळूच म्हणाला.

काठावरच्या खोलीत, हातात गरम पाण्याचा पेला धरवायला लागल्यावर तिने पुन्हा विचारलं. "काय बोलले मी?"

"काहीतरी असंबद्ध."

"वन्सं. काय?"

नणंदेने खिडकीकडे तोंड केलं. "मी विचारलं, घरी गेल्यावर काय करणार? तू म्हणालीस, कुकर लावते, हे येतील ना आता."

खोलीत हीटर घरघरत होता.

"थट्टेत म्हटलं असेन."

"नाही गं. तू हसत होतीस. तुमच्या लग्नाच्या वर्षी हसायचीस तशी." नणंदेने ब्लँकेट तिच्या खांद्यावर ओढलं. "होडीवाला म्हणत होता, अजून अर्धा तास जाऊ दे. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता वर घे."

नणंदेने तिला घरापर्यंत सोडलं. वर मात्र आली नाही. आईची औषधाची वेळ झाली होती.

सोमवारी कामावर सगळ्यांनी विचारलं. "किती राहिलं?" "दोन किलोमीटर." "अरेरे, दोनच!" सगळे हळहळले आणि आपापल्या कामाला लागले. तिच्यापुढे सहा साचे येऊन पडले होते.

पंधरा दिवसांनी तिने नणंदेला फोन केला. सासूबाईंच्या कवळीची चौकशी झाली, हवापाण्याची झाली. मग तिने पुढच्या वर्षीचं विचारलं.

"मी नाही यायची, वहिनी," नणंद म्हणाली. "राग धरू नकोस. ते मला दुसऱ्यांदा ऐकवणार नाही."

"राग कसला," ती म्हणाली. मग दोघींनी "ठेवते" म्हटलं.

पुढच्या रविवारी ती सरोवरावर गेली. काठाला धरून खुणेच्या तरंगत्या पिवळ्या पिंपापर्यंत आणि परत, दीड तास. पाणी आणखी गार झालं होतं. बाहेर येऊन तिने अंग पुसलं, सदरा चढवला, पण बोटं इतकी बधिरली होती की गुंडी काजात जाईना. दोनदा करून बघितलं. मग दोन्ही हात काखेत घालून ती दगडावर बसली. काठावर दूरवर कोणी नव्हतं. बोटांत मुंग्या यायला पाऊण तास लागला. मग तिने खालून वर, एकेक करत, सगळ्या गुंड्या लावल्या.