घरी नाहीत

मी एक जुना, काळा, तबकडीचा टेलिफोन आहे. मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नव्हतं. आज माळ्यावर पडलोय, तरी कुठे घंटी वाजली की माझी घालमेल होते.

नव्वदीच्या सुरुवातीला मी बेलापूरच्या एका सोसायटीत अरविंद भिंगारदिव्यांच्या घरी आलो. कितीतरी वर्षं नंबर लावून मी मिळालेला, म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्यासमोरही प्रार्थना केली. अरविंदरावांच्या पत्नी सुवार्ताबाईंनी मला क्रोशाचा रुमाल विणला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये मी एकटाच! मग काय, सगळ्यांनी नातेवाइकांना माझाच नंबर दिला, पुढे 'पीपी', म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असं लिहून. शेजाऱ्यावरच्या प्रीतीचं बायबलमधलं वचन माझ्या डोक्यावरच टांगलेलं होतं. पण शेजाऱ्याचा फोन आला की अरविंदरावांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. अरविंदराव चर्चचे पंच, प्रार्थना मात्र फार सुरेख करत.

तळमजल्यावरच्या गोजराचा नवरा, सिताराम, बोटीवर खलाशी होता. पावसाळ्यात गेला, दिवाळी उलटली तरी खुशाली नाही. ती रोज जिन्यातून विचारायची, "भाऊ, माजा फोन आलता काय?"

एका संध्याकाळी घरात प्रार्थना चालली होती. "प्रभू, आम्हाला शेजाऱ्यांच्या उपयोगी पडू दे," असं अरविंदराव म्हणत होते, तेवढ्यात मी खणखणलो. खरखरीतून सितारामचा आवाज आला, "गोजराला बोलवता का? बंदरावरनं बोलतोय."

"गोजराबाई घरी नाहीत. नंतर करा!" अरविंदरावांनी मला आपटलं आणि पुन्हा डोळे मिटले. माझ्या पोटात तो आवाज तसाच अडकला.

"अहो, आमेन म्हणू नका अजून," सुवार्ताबाई म्हणाल्या. "गोजरा खाली घरातच आहे."

"प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून बोललो गं. उद्या सांगतो तिला, लाइन कटली म्हणून."

"म्हणजे एका खोट्यावर दुसरं? आत्ता जा. खरं तेच सांगा."

अरविंदराव गेले. जिन्यातून गोजराचा आवाज वर आला. "मी घरानच हाय ना, भाऊ! आन तुमी नाय म्हनून सांगितलं?" पंच नुसतं म्हणाले, "चुकलं माझं. वर चला."

ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. मित्रांनो, मला वाजायचं होतं; पण आपलं आपण वाजता येत नाही. भात निवला. कोणी जेवायला उठेना. एकदाचा मी वाजलो, तर पाळकसाहेब! रविवारच्या उपासनेचं काहीतरी बोलू लागले.

"साहेब, माफ करा, लाइन मोकळी हवीय," अरविंदराव म्हणाले. "मी शेजारणीचं नुकसान केलंय." आणि त्यांनी मला हळूच खाली ठेवलं. पाळकसाहेबांचं बोलणं तोडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

बऱ्याच वेळाने पुन्हा घंटी वाजली. अरविंदरावांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. गोजराने मला कानाला लावलं. पलीकडून सिताराम म्हणाला, "बरा हाय गं मी." ती नुसती रडत राहिली. तिचे अश्रू माझ्या जाळीवर पडले, ते कुणी पुसले नाहीत.

पुढे घरोघरी बटणांचे फोन आले आणि मी माळ्यावर गेलो. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण ज्या तोंडाने देवाशी बोलता, त्याच तोंडाने लगेच माणसाशीही बोलायचं असतं. तेवढं ते तोंड जपा.