कप पडला तो प्रयोग

डॉक्टरकीचा परवाना देणारी परीक्षा संपली आणि निकालाला बरोबर तीन आठवडे उरले. या तीन आठवड्यांत करायचं काय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती दुपारपर्यंत झोपली. दुसऱ्या दिवशी तिने कपाट आवरलं. तिसऱ्या दिवशी वहिनीचा औषधांचा डबा उघडून एकेका पाकिटावरची तारीख तपासली आणि अर्धा डबा कचऱ्यात टाकला.

"अगं फौजदार, तू घरात आणखी दोन दिवस अशीच राहिलीस ना, तर माझाच बीपी वाढेल," वहिनी म्हणाली. "चल, नाटकाला जाऊ."

फौजदार हे तिचं घरातलं नाव. लहानपणी डब्यातला खाऊ कमी झाला की ती दादाच्या बोटांचा वास घेऊन चोर पकडायची, तेव्हापासूनचं. शंका घेणं तिच्या हाडीमांसी खिळलेलं होतं. कॉलेजात सर म्हणायचे की डॉक्टरला ते चांगलंच. घरात मात्र सगळे वैतागायचे.

नाटक तिला आवडायला लागलं. दुपारचे प्रयोग, अर्धं रिकामं नाट्यगृह, हात गुळगुळीत झालेल्या खुर्च्या, तिसरी घंटा आणि मग तो अंधार, ज्यात कुणी काही विचारत नाही. पहिल्या आठवड्यात तिने तीन नाटकं पाहिली. परीक्षेतलं सगळं डोक्यातून निघून गेलं. राहिली फक्त चौथी खोली.

तोंडी परीक्षेत अशा दहा खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक परीक्षक आणि एक पेशंट. पेशंट म्हणजे नट. काय दुखतंय, कधीपासून, सगळं त्यांना पाठ करून दिलेलं असतं, आणि डॉक्टर आपल्याशी कसा बोलला याचे थोडे मार्क तेही देतात. चौथ्या खोलीत पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ गुडघा धरून बसले होते. गुडघ्याला हात लावण्याआधी तिने सवयीने त्यांचं मनगट धरलं. नाडी वेडीवाकडी धावत होती. दोन ठोके जवळजवळ, मग खंड, मग तीन घाईघाईने. ताल म्हणून नव्हताच.

"नाडी अनियमित आहे," ती म्हणाली होती.

परीक्षक बाईंनी कागदावरून मान वर केली. कपाळाला आठी. "नक्की?"

तो एक शब्द ऐकून तिने मनगट सोडलं. यांच्या कागदावर 'नियमित' लिहिलेलं असणार. माणूस धडधाकट आहे, नट आहे. थरथरतायत ती आपलीच बोटं.

"नाही, नियमितच आहे," असं म्हणून ती गुडघ्याकडे वळली आणि घंटा झाली.

दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी ती वहिनीबरोबर एका विनोदी नाटकाला गेली. निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना दुसऱ्यांची पत्रं फोडून वाचायची खोड, आणि त्यावरून जावयांची उडालेली भंबेरी. पोस्टमास्तर रंगमंचावर आले आणि ती खुर्चीत खाली घसरली.

"काय झालं?" वहिनी कुजबुजली.

"काही नाही. ओळखीचे वाटले."

चौथ्या खोलीतलेच गृहस्थ होते ते. इथे गुडघा ठणठणीत होता. निकाल लागेपर्यंत परीक्षेतल्या पेशंटला भेटायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर परीक्षा रद्द, असा नियम होता. बघायला बंदी नव्हती. तरी तिला उगाचच कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असं वाटत राहिलं.

दुसऱ्या अंकात पोस्टमास्तर जावयाला झापत असताना त्यांच्या उजव्या हातातला कप पडला. खळकन आवाज झाला आणि नाट्यगृह हसलं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. फौजदार हसली नाही. कप पडल्यावर त्यांनी जावयाकडे पाहिलं नव्हतं. स्वतःच्या हाताकडे पाहिलं होतं. पुढची दहा मिनिटं तो हात मांडीवर पडून राहिला. पत्र त्यांनी डाव्या हाताने उचललं. एक शब्द तोंडात जरा घोटाळला.

घरी आल्यावर तिने विचारलं, "वहिनी, तो कप मुद्दाम पाडला होता का गं?"

"मग काय चुकून? कसलेला नट आहे तो."

"आता नाटकातल्या कपाचाही पंचनामा," दादा पेपरामागून म्हणाला.

पण तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. गुरुवारी ती एकटी गेली. तिसऱ्या रांगेतलं तिकीट काढलं आणि दुसरा अंक येईपर्यंत नाटकाकडे तिचं अर्धंच लक्ष होतं. त्याच वाक्याला कप पुन्हा पडला.

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे नाटकातलंच होतं. संपला विषय.

पण विषय काही संपेना. आज बोटं एकेक करून सुटली होती. नजर प्रेक्षकांकडे होती, हशा पिकेपर्यंत ते थांबले होते, आणि फुटके तुकडे त्याच हाताने चटचट गोळा केले होते. सोमवारी हात एकदम गळाला होता, जसा झोपलेल्या माणसाच्या हातातून पेपर गळतो. आज दिसली ती त्याची नक्कल. माणसाने स्वतःचीच केलेली.

की हे सगळं आपणच रचतोय? चौथ्या खोलीत आपली बोटं बरोबर होती, असं ठरवायला? नाट्यगृहाबाहेरच्या बाकावर बसून तिने स्वतःचीच उलटतपासणी घेतली. उत्तर मिळेना. शेवटी ती उठून मागच्या दाराकडे गेली.

दारावरच्या माणसाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "सही पाहिजे?"

"नाही. एक विचारायचं होतं. दुसऱ्या अंकात तो कप पडतो, तो पहिल्यापासून पडतो का?"

त्याचे डोळे बारीक झाले. "का? दुसऱ्या कंपनीच्या का तुम्ही?"

"नाही हो. सहज."

"सोमवारपासून. चुकून पडला, लोक हसले, दिग्दर्शकांना आवडला, ठेवला." मग आपण जास्त बोललो असं वाटून तो दारात आडवा उभा राहिला. "पण असं सहज कुणी विचारत नाही."

तेवढ्यात आतून पोस्टमास्तर आले. अर्धा चेहरा पुसलेला, अर्ध्यावर अजून रंग. तिला पाहून थबकले.

"तुम्ही परीक्षेतल्या ना? गुडघा?" त्यांचा आवाज थंड झाला. "मार्कांसाठी आला असाल तर सांगतो, माझे कागद तेव्हाच गेले. मागे एकाने घरी पेढ्यांचा डबा पाठवला होता. मी तो तसाच परीक्षा मंडळाकडे पोचता केला."

"मार्कांचं नाही. काका, सोमवारी तुमचा हात गेला होता."

"नाटक आहे ते."

"आज नाटक होतं. सोमवारी नव्हतं. सोमवारी तुम्ही हाताकडे पाहिलंत. पत्र डाव्या हाताने उचललंत. आज उजव्याने उचललं."

दारावरचा माणूस एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागला. पोस्टमास्तर हसले, पण हसू पुसलेल्या अर्ध्या चेहऱ्यापुरतंच आलं.

"मुंग्या आल्या होत्या. अवघडला होता हात."

"मनगट देता जरा?"

"का देऊ? वीस वर्षं मी डॉक्टरांपुढे आजारी पडतोय. कुणाला मी खरा कळलो नाही. आणि तुम्हाला, अजून परवानाही नसताना, तिसऱ्या रांगेतून कळलो?" त्यांनी हात पाठीमागे घेतला. "कुणी पाठवलंय तुम्हाला? माझी भूमिका कुणाला हवीय?"

तिला वाईट वाटायला हवं होतं, पण तिला त्यांचं म्हणणं पटलं. त्यांच्या जागी तिनेही हेच विचारलं असतं. तिने पिशवीतून वही काढली, कागद फाडला आणि भिंतीला टेकवून लिहिलं: आज मी यांना भेटले. परीक्षेच्या दिवशी नाडी अनियमित होती. सोमवारी उजवा हात थोडा वेळ गेला होता. हृदयाचे ठोके असे विस्कटले की आत रक्ताची गुठळी होते, ती मेंदूकडे जाऊ शकते. आजच ईसीजी काढावा. खाली पूर्ण नाव, परीक्षा क्रमांक आणि सही.

"तुम्हाला भेटायला मला बंदी आहे," ती म्हणाली. "मी मार्कांसाठी आले असं वाटत असेल तर हा कागद मंडळाला द्या. माझी परीक्षा रद्द होईल. नसेल वाटत, तर डॉक्टरला दाखवा."

त्यांनी कागद घेतला, न वाचता खिशात घातला आणि आत निघून गेले.

शनिवारी ती पुन्हा नाट्यगृहापाशी गेली. तिकिटाच्या खिडकीवर कागद डकवला होता. पोस्टमास्तरांची भूमिका आज दुसरे कलाकार करतील. ती तशीच मागे वळसा घालून गेली. मागच्या दारावरच्या माणसाने तिला लांबूनच ओळखलं आणि तोंड फिरवलं.

"बरे आहेत ना ते?"

"मला काही माहीत नाही." त्याला काहीतरी माहीत होतं हे उघड होतं.

सोमवारी सकाळी मंडळातून फोन आला. उद्या अकरा वाजता या, ओळखपत्र आणा. कारण विचारलं तर, आल्यावर कळेल.  शेवटी तिने घरात सगळं सांगून टाकलं.

"नटाला भेटायला गेलीस आणि मला नेलं नाहीस?" वहिनी आधी एवढंच म्हणाली. मग तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

"तोंडी सांगायचं ना," दादा म्हणाला. "लिहून कशाला दिलंस? वर परीक्षा क्रमांकासकट."

"त्यांनी विश्वास ठेवायला मी दुसरं काय देणार होते?"

दादाने पेपराची घडी घालून बाजूला ठेवला.

मंडळाच्या खोलीत सचिव होते आणि चौथ्या खोलीतल्या त्या परीक्षक बाई. टेबलावर तिची चिठ्ठी, चार घड्या पडलेली.

"अक्षर तुमचंच?"

"हो."

"हे आमच्याकडे त्यांच्या पत्नीने आणून दिलं," सचिव म्हणाले. "त्यांना नवऱ्याच्या खिशात सापडलं. मुलीचं नाव आणि खाली नंबर. तो त्यांना फोन नंबर वाटला." त्यांनी खोकून घेतलं. "घरात बरीच गडबड झाली म्हणे. त्या गडबडीत गृहस्थांना सोमवारचा हात कबूल करावा लागला. शुक्रवारी सकाळी बाईंनी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. दाखल आहेत. पण अशी कुणी परीक्षार्थी खरंच आहे का, हे बघायला त्या इथे आल्या. विश्वास बसत नव्हता त्यांचा."

"कसे आहेत?"

"नाडी अनियमितच आहे," परीक्षक बाई पहिल्यांदाच बोलल्या. "रक्त पातळ करायचं औषध सुरू केलंय. माझ्या कागदावर मात्र तुम्ही 'नियमित' सांगितलंत असं आहे."

"आधी अनियमित म्हणाले होते. तुम्ही 'नक्की?' विचारलंत, तेव्हा बदललं."

सचिवांनी परीक्षक बाईंकडे पाहिलं. खोटं बोलून इथून सुटता येईल का, हे ती चाचपत होती असं नाही, पण खरं बोलूनही आपण सुटलो नाही हे तिला दोघांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

निर्णय तिथल्या तिथे झाला. नियम मोडल्याबद्दल लेखी समज. चौथ्या खोलीचे मार्क रद्द. महिन्याने ती एक खोली पुन्हा द्यायची, तोवर निकाल राखून.

जिन्यापर्यंत परीक्षक बाई तिच्याबरोबर आल्या. "मी 'नक्की?' सगळ्यांनाच विचारते," त्या म्हणाल्या. "सवय आहे." दोन पायऱ्या उतरल्यावर तिला वरून पुन्हा आवाज आला. "त्या दिवशी मी मनगट धरून बघायला हवं होतं."

चौथी खोलीच रद्द झाल्यावर त्यांना भेटायची बंदीही उरली नव्हती. दुपारी ती दवाखान्यात गेली. पोस्टमास्तर उशीला टेकून बसले होते, छातीला वायरी चिकटवलेल्या. बाजूला त्यांची पत्नी फळं कापत होती. तिने फौजदारला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सुरी ठेवली आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बस गं. तुझ्यावर नको नको ते संशय घेतले मी."

"माझ्यावर जास्त घेतले," पोस्टमास्तर म्हणाले. मग तिच्याकडे वळले. त्यांच्या नजरेत मागच्या दारातला तो थंडपणा अजून होता, थोडासा. "खरं सांगा. मार्क मिळाले का?"

"नाही. गेले. चौथी खोली पुन्हा द्यायचीय."

"गेले?"

"सगळे."

त्यांनी तिचा चेहरा नीट न्याहाळला. कुणी नाटक करतंय का, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार. शेवटी त्यांचे खांदे सैल झाले.

"म्हणजे तू नुसतं सांगायलाच आली होतीस," ते म्हणाले.

"हो."

"आणि नाटक? दोनदा पाहिलंस. कसं वाटलं, ते नाही सांगितलंस."

तिने जरा विचार केला. "तिसरा अंक लांबतो."

पोस्टमास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बायको फळांची बशी फौजदारपुढे करत म्हणाली, "मी सहा महिने तेच सांगतेय."