येझदीची मागची सीट

लग्नाच्या दिवशीच प्रमिलाच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर तिची सवतही बांधली गेली. चांदीचा इवलासा टाक, त्यावर बाईची ओबडधोबड आकृती. नाव वत्सला. पहिली बायको गेलेल्या माणसाशी संसार मांडायचा तर हे आलंच. रोज सकाळी टाकाला हळदकुंकू लावायचं, नवी साडी आली की आधी टाकाला दाखवायची आणि मग आपण नेसायची. प्रमिलाने हे सगळं बिनतक्रार केलं. टाकातली सवत गुणाची होती. बोलत नव्हती, रुसत नव्हती, नवऱ्याच्या ताटात हात घालत नव्हती. अशी सवत कोणत्याही बाईला परवडली असती.

पण सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात हीच सवत टेम्पोत बसून सुरतच्या डिंडोलीला आली आणि थेट घरापुढच्या ओटल्यावर ठाण मांडून बसली.

टेम्पोतून उतरवली ती एक गंजलेली येझदी मोटरसायकल. शालिग्रामला पहिल्या लग्नात सासऱ्याने, म्हणजे वत्सलाच्या वडिलांनी, उखाबापूंनी दिलेली. पुढे वत्सला काविळीने गेली, शालिग्राम पोटापाण्यासाठी सुरतेला आला, भेस्तानच्या एका डाइंग मिलमध्ये चिकटला, आणि गाडी गावाकडे गोठ्यात उभी राहिली. सीटवर कोंबड्यांनी अंडी उबवली, वायरी उंदरांनी खाल्ल्या. गोठा पाडायचा म्हणून भावाने निरोप धाडला, गाडी घेऊन जा नाहीतर भंगारात देतो. शहाण्या माणसाने दे म्हणून सांगितलं असतं. गल्लीत आता ज्याला त्याला फोर-स्ट्रोक गाडी हवी होती, धूर नाही, गोंगाट नाही, पेट्रोलच्या नुसत्या वासावर चालायची. ऑइल मिसळलेलं पेट्रोल पिणारी आणि अर्ध्या सोसायटीला खोकायला लावणारी टू-स्ट्रोक येझदी कोणाला हवी होती? शालिग्रामला हवी होती.

मिलमधून आला की हात धुवायच्या आधी तो गाडीपाशी बसायचा. रॉकेलचा डबा, जुना दाढीचा ब्रश, फाटकी बनियनं. एकेक नट काढायचा, घासायचा, उन्हात धरून बघायचा आणि घासल्या नटाकडे बघून हसायचा. प्रमिलाने दिवाळीला मोरपंखी साडी नेसली होती तेव्हा हाच माणूस 'मीठ कमी आहे' एवढंच बोलला होता.

तरी नुसती गाडी असती तर तिने सोसलं असतं. पुरुषांना कसला ना कसला नाद असतोच. दारूपेक्षा गाडी बरी. खरं दुखणं असं होतं की गाडीच्या प्रत्येक तुकड्यातून वत्सला निघत होती. "ही किक बघ," शालिग्राम म्हणायचा, "हीच पुढे दाबली की गियर होतो. वत्सलाला त्याचं भारी नवल." हँडल बसवताना सांगायचा, "वळणावर वत्सला माझा खांदा घट्ट धरायची." सायलेन्सर पुसताना त्याचा आवाज मऊ व्हायचा. "याचा चटका बसला होता तिच्या पोटरीला. रुपयाएवढा डाग होता." प्रमिलाच्या मनगटावर तव्याचे चांगले तीन डाग होते. ते कधी कोणाच्या नजरेला पडले नव्हते, आणि डाग दाखवत फिरायला ती काही भिकारीण नव्हती.

खरं सांगायचं तर प्रमिला जळत होती. उभी जळत होती. जिवंत सवत असती तर दोन शिव्या दिल्या असत्या, दोन खाल्ल्या असत्या, मन मोकळं झालं असतं. मेलेल्या बाईशी भांडायचं कसं? ती म्हातारी होत नाही, तिचं मीठ कमी पडत नाही, तिच्या पायांना भेगा पडत नाहीत. शिवाय प्रमिला जन्मली उधन्यात, शिकली सुरतच्या मराठी शाळेत. तिच्याशी शालिग्राम सरळ मराठीत बोलायचा. अहिराणी त्याने गावच्या माणसांसाठी राखून ठेवली होती, म्हणजे वत्सलासाठीच, असं प्रमिलाला वाटायचं. कधी दोघं बाहेर निघाली तर शटल रिक्षाने निघायची. तो पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या ढुंगणावर, ती मागे परक्या बायांच्या कोंडाळ्यात. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून आपण कधी कुठे गेलो, हे आठवायचं म्हटलं तर तिला काहीच आठवत नव्हतं.

शेजारच्या उज्ज्वलाला तिची घुसमट कळत होती. एका संध्याकाळी ती मुद्दाम ओटल्याशी येऊन थांबली आणि म्हणाली, "शालिग्रामभाई, गाडी चालू झाली की आमच्या भाभीला डुमसला दर्यावर फिरवून आणा, बरोबर ने?"

शालिग्रामच्या हातात नट होता. तो नट पुसत, अगदी साधेपणाने म्हणाला, "त्या सीटवर वत्सला बसायची. दुसऱ्या कोणाला बसवायचं म्हटलं की जिवावर येतं."

प्रमिला आत मेथी निवडत होती. दार सताड उघडं होतं. 'दुसरं कोणी' म्हणजे कोण, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," उज्ज्वला नंतर तिच्या कानाशी पुटपुटली. "मनाला लावून घेऊ नको." सांगायला काय जातं? या घरात त्या म्हशीचं दूध रोज मापून ओतलं जात होतं आणि जिवंत म्हैस खुंट्याला उपाशी होती.

त्या दिवसापासून प्रमिलाला एकच ध्यास लागला. ही गाडी चालू होता कामा नये. ती चालू झाली की मागच्या सीटवर कायमची वत्सला बसणार, आणि आपण आपल्याच घरात चार दिवसांसाठी आलेल्या पाहुणीसारखं राहणार.

शालिग्रामने उखाबापूंना बोलावणं धाडलं. तुमची गाडी पुन्हा उभी केली आहे, या आणि तुमच्या हातानेच नारळ फोडा. बापूंचं येणं प्रमिलाला नवं नव्हतं. रिवाजाप्रमाणे सवतीचा बाप तो तिचाही बाप. लेकीच्या जागी आलेली लेक म्हणून दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ते तिला साडी आणत. साडीचा रंग दरवर्षी कैरीचा हिरवा असायचा. वत्सलाला तो आवडत असणार, असं समजून प्रमिला ती साडी पेटीच्या तळाशी टाकायची.

गाडी उघडून साफ करायचं काम शेवटाला आलं होतं. टू-स्ट्रोक गाडीच्या पोटात जळक्या तेलाची काजळी धरते. ती काढायला शालिग्रामने मिलमधून कॉस्टिक आणलं. कापड धुवायचं ते कॉस्टिक, पाण्यात टाकलं की पाणी आपोआप तापतं. त्याने बादलीत सायलेन्सरच्या आतल्या नळ्या बुडवल्या आणि प्रमिलाला दोनदा बजावलं. "हात घालू नको. यात फक्त लोखंड टाकायचं. अॅल्युमिनियम टाकलं तर खाऊन टाकतं." आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, त्याने वेगळं, कोनाड्यात, धुतल्या फडक्यावर ठेवलं. हेड अॅल्युमिनियमचं होतं. घासूनपुसून चांदीसारखं केलेलं.

दुसऱ्या दिवशी बापू संध्याकाळच्या गाडीने येणार होते. दुपारी शालिग्राम मिलमध्ये होता. प्रमिलाने भांडी घासली, ओटला झाडला, कोनाड्यासमोरून चार वेळा गेली. पाचव्या वेळी तिने हेड उचललं आणि बादलीत सोडलं.

मनात तिने उत्तरही तयार ठेवलं होतं. 'काजळी निघेल असं वाटलं हो, चुकून टाकलं.' डाइंगवाल्यांच्या घरोघरी असल्या चुका व्हायच्या. एकीने कॉस्टिकमध्ये पातेली बुडवली होती, दुसरीने कुकरचं झाकण. कोणी बोट दाखवलं नसतं.

बादली फसफसली. पांढरा फेस काठावर आला, वाफेने नाक झोंबलं, आणि आतून चर्र आवाज येऊ लागला. प्रमिला आधी बघत राहिली, मग घाबरली. सांडशीने हेड बाहेर काढलं तोवर ते काळंठिक्कर पडलं होतं. इंजिन थंड राहावं म्हणून वर ज्या पात्या असतात त्यांच्या कडा विरघळून झिजल्या होत्या, तळाला उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे पडले होते.

"माय, हाई काय उकळी राहिनं?"

पायरीखाली उखाबापू उभे होते. हातात पिशवी, डोक्यावर टोपी, कपाळावर घाम. आधीची पॅसेंजर मिळाली म्हणून लवकर आले होते.

"हेड आहे, बापू," प्रमिला म्हणाली. "काजळी काढायला टाकलं होतं. चुकून."

म्हातारा ओटल्यावर टेकला. त्याने त्या हेडकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला हसू आलं. "वच्छीबी अशीच चुकनी व्हती," तो आपल्या वत्सलाविषयी म्हणाला. "टाकीमा गूळ टाकी दिन्हा व्हता तिनी."

प्रमिलाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "गाडीच्या टाकीत? का?"

"मी गाडी दिन्ही ती जावाईना हौसकरता नही दिन्ही. मनी पोर गाडीवर बठीसन माहेरले ई, गाव देखी, म्हनीसन दिन्ही. एक डाव बी बठनी नही ती."

मग बापूंनी सांगितलं ते असं. घरात सासू-सासरे, नवऱ्यामागे बसून गावातून जाणं बरं दिसत नाही म्हणून वत्सलाला कधी बसवलंच नाही. मागे बसायचे ते शालिग्रामचे दोस्त. वत्सला यष्टीने माहेरी यायची, यष्टीने जायची. तिच्या वाट्याला आलं ते गाडी पुसणं. पोटरीचा चटकाही तेव्हाचाच. तो गाडी आणून लावायचा आणि सायलेन्सर निवायच्या आत हिने फडकं घेऊन बसायचं. एके दिवशी तिने गुळाचा खडा टाकीत टाकला, गाडी बंद पडली, आणि ती माहेरी येऊन बापाच्या मांडीवर डोकं ठेवून हसत राहिली.

प्रमिलाला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी गुदगुल्या झाल्यासारखा आनंद. जिच्यावर ती एवढी जळली तिला काडीचंही सुख मिळालं नव्हतं. मग तिच्या डोळ्यांपुढे फडकं घेऊन उकिडवी बसलेली एक पोरगी आली, आणि तो आनंद घशाखाली उतरेना. त्याच्या जागी राग आला. तो वत्सलावर नव्हता.

शालिग्राम आला तेव्हा बापू चहा घेत होते. त्याने वाकून पाया पडायच्या आधी हेड पाहिलं. कितीतरी वेळ ते हातात फिरवत राहिला.

"हे कोणी केलं?"

तयार ठेवलेलं उत्तर प्रमिलाच्या जिभेवर होतं. तिने ते गिळलं. "मी केलं. मुद्दाम केलं."

त्याने तिच्यावर हात उगारला नाही, ओरडलाही नाही. तो खाली बसला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "एवढी एकच आठवण होती तिची. माझ्या मागे बसायची ती. खांद्यावर हात ठेवून."

"कोनता गावले गयथात तुम्ही?" बापूंनी विचारलं.

"काय?"

"ती मांगे बठीसन. कोनता गावले?"

"प्रकाशाला," शालिग्राम म्हणाला. "जत्रेला."

"जत्राले ती मनी बैलगाडीमा व्हती. तू तुना दोस्तासंगे व्हता."

"मग शहाद्याला. दवाखान्यात दाखवायला नेलं होतं तेव्हा."

"तठे मी लयी गऊ तिले. यष्टीमा."

शालिग्राम गावांची नावं शोधत होता. एक गाव सापडलं तरी चाललं असतं. माणूस जाणूनबुजून खोटं बोलला तर त्याला पकडता येतं. हा खोटं बोलत नव्हता. बायको गेल्यावर, कुठल्याशा टोचणीने, तो तिला रोज थोडी थोडी त्या सीटवर बसवत गेला होता, आणि बसवता बसवता ती खरोखर बसायची असं त्याला वाटू लागलं होतं. आता ती त्याच्या डोळ्यांदेखत उतरून चालली होती. त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण प्रमिलाने बघितला.

"मी मेल्यावर मलाही अशीच बसवाल," ती म्हणाली. "साऱ्या गल्लीला सांगाल, प्रमिला मागे बसायची, माझा खांदा धरायची. मला तसं नको. मी अजून आहे. आहे तोवर बसवा."

उज्ज्वलाच्या घरातला कुकर शिट्टी देऊन थांबला.

"हेड गेलंय," शालिग्राम शेवटी म्हणाला. "दुसरं मिळायला वेळ लागेल."

"लागू दे. मी कुठे जात नाही. पण गाडी चालू झाली की मागे पहिली मी बसणार, आणि बापूंच्या दारात जाऊन उतरणार. भर दिवसा, गावातून."

शालिग्रामने मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसती हलली, ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. पण बापूंनी ते होकारातच धरलं. त्यांनी कप बाजूला ठेवला आणि प्रमिलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"वच्छी जळी तुनावर, माय," ते म्हणाले.

"जळू द्या," प्रमिला म्हणाली, आणि तिला रडू आलं.