शिमग्याला येतो

प्लेगमुळं वडगावची शाळा बंद पडली, तेव्हापासून चंद्राबाई भाचीला घरीच वाचायला शिकवत होती. पुस्तक कुठलं असणार? नवरा जोतिबा मुंबईच्या गिरणीतून पाठवायचा ती कार्डंच राजीचं पुस्तक. संक्रांतीपर्यंत पोर घडाघडा वाचायची. मग तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

आजही मागाशेजारी बसून चंद्राबाईनं जोतिबाचं शेवटचं कार्ड तिच्यापुढं धरलं.

"शिमग्याला येतो, एवढंच वाच. चार दिसांवर आलाय शिमगा."

"आत्ती, मला न्हाय येत."

"संक्रांतीला येत हुतं, आन् आता न्हाय? मला खुळी समजतीस व्हय गं?"

चंद्राबाईचा राग कायम नाकावर. तिनं राजीपुढची कांड्यांची बुट्टी उचलून भिरकावली. सुताच्या कांड्या घरभर झाल्या आणि बुट्टीच्या तळातून एक कार्ड पडलं. त्याचा कोपरा फाडलेला होता, मयताची खबर कळवताना फाडतात तसा.

मयताचं कार्ड कुणी घरात ठेवत नाही. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. हे मात्र संक्रांतीपासून घरात होतं.

"तुझ्या बांगड्या फोडल्या असत्या, आत्ती," राजी खाली मान घालून म्हणाली.

चंद्राबाईनं कार्ड उचललं, पण त्याच्यावर नजर टाकली नाही. पोरीचा हात धरून ती उंबऱ्याबाहेर गेली आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

"वाच."

राजीनं वाचलं. ती कुठंही अडखळली नाही.