मोगरीबाबा आणि गुडघ्याची वाटी

लाकडी मोगरी वर जाते. खाली येते. कड्.

मेंढीचा मोडका पाय बांबूच्या कामट्यांत बांधला की धनगर एकच गोष्ट पाहतो: खूर समोर आहे ना. खूर समोर, म्हणजे पाय सरळ.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर एका पोरीच्या जांघेपासून घोट्यापर्यंत सुतळी ताणतात. ती गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध पडली, म्हणजे पाय सरळ.

"हाड म्हंजे मेण, लेकरांनो," मोगरीबाबा म्हणतो. "देव तापवतो, म्या वळवतो. रगात न्हाई, कापाकापी न्हाई."

एका बाईचा ओठ फाटतो.

१९४६ चा उन्हाळा. तासगावच्या पूर्वेला, माळावरच्या धनगरवस्तीत, बाभळीखाली मोगरीबाबानं पाट मांडला होता. भोवती पाच वाड्यांची माणसं दाटली होती. पाटावर दगडाबाईची तानू झोपवलेली. तिचा डावा पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेला, दोन पाय जुळवले तर गुडघ्यांमधून मूठ जाईल असा.

सांगलीचे डॉक्टर गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ करणार होते. सोमवारी बोलावलं होतं. "असाच ठेवला तर गुडघा झिजेल, ऐन तरुणपणी ही चालायची बंद होईल," ते म्हणाले होते. "कापला तर सरळ होईल. पण महिने लागतील, दुखेल, आणि थोडं लंगडणं राहीलही."

त्या 'राहीलही'वर दगडाबाईचा नवरा अर्जुना अडून बसला होता. "डाक्टर आदीच लंगडं म्हनतोय, आन् बाबा एका दनक्यात सरळ करतोय. आता तूच सांग, शानी कोन, तू का मी?"

बाबानं तानूच्या पायावर घोंगडं टाकलं. अर्जुनानं तिचे खांदे दाबले. बाबाचा चेला गुंडा घोंगड्याखाली हात घालून पाऊल धरून बसला.

मोगरी वर गेली. खाली आली. कड्.

तानू ओरडली ती कापायला धरलेल्या कोकरासारखी. बायांनी डोळे मिटले. बाबानं घोंगडं अर्धं सारलं.

"खूर कुठं हाय, बगा."

"समोर हाय, म्हाराज," एक म्हातारा म्हणाला. "म्हेंढीला बी आमी आसंच बगतो."

पाय खरंच सरळ दिसत होता. बोटं आभाळाकडं. "आवसेपातूर पाय टेकायचा न्हाई," बाबा बजावत होता. "टेकला तर वाकडा हुईल, आन् ते पाप आईच्या माथी."

दगडाबाई मात्र पावलाकडं बघत नव्हती. सांगलीत डॉक्टरांनी सुतळी लावण्याआधी तानूचा गुडघा सपाट दाबून वाटी छताकडं वळवली होती. "आधी वाटी वर, मग पाय बघायचा," ते म्हणाले होते. "वाटी फिरली की पाय खोटं बोलतो." आता पाऊल वर होतं, पण वाटी दुसऱ्या पायाकडं वळली होती. आणि गुडघ्याखाली उशी होती.

"म्हाराज, वाटी आत का वळलीया?"

"बाई, मागं सर. मंतर बिगडंल."

ती मागं सरली नाही. तिनं उशी ओढली. गुंडानं पाऊल सोडलं आणि शेजारची काठी फिरवली ती तिच्या तोंडावर. ओठ फाटला, रक्त तानूच्या पोटावर ठिबकलं. दुसरी काठी मनगटावर बसली. अर्जुना नुसता बघत राहिला. दगडाबाईनं तसाच गुडघा सपाट दाबला, वाटी आभाळाकडं वळवली आणि दोन्ही पाय जुळवले.

मधून तिची मूठ गेली. जशीच्या तशी.

"या, हात घालून बगा," ती म्हणाली. फाटक्या ओठातून शब्द नीट फुटत नव्हता.

तिनं घोंगडं उचकलं. खाली वाळलेल्या उसाचं कांडं होतं, मोडलेलं. तिनं उरलेला तुकडा आपल्या गुडघ्यावर मोडला. कड्. तानूच्या तळव्यातून रक्त येत होतं. म्हाताऱ्यानं गुंडाची मूठ उघडली, तर बोटाला बाभळीचा काटा बांधलेला. हाड मोडलंच नव्हतं. पोरगी काट्यानं ओरडली होती. गुडघा दुमडून मांडी आत फिरवली की बाक लपतो, आणि दुमडलेल्या गुडघ्यातून पाऊल सरळ धरता येतं. एवढीच बाबाची विद्या.

मग माणसं तुटून पडली. गुंडाचे दात पडले. अर्जुनानं मोगरी उचलून बाबाच्या गुडघ्यावर घातली. या वेळी खाली ऊस नव्हता. त्यानं दुसऱ्यांदा मोगरी उचलली तेव्हा दगडाबाई मोगरीलाच लोंबकळली.

"सोड ती. ह्यो मेला तर फुडला बाबा यील, आन् तू पुन्यांदा लेकीचं खांदं धरशील." ती लोकांकडं वळली. "म्हेंढीचं म्हेंढीला ठिवा. मानसाचा पाय हाय ह्यो. कुनी बी काय बी म्हनू दे, डाक्टर आसू दे न्हाईतर देव. उशी काढा, हात लावा, पारखा, मंग इस्वास ठिवा."

सोमवारी सांगलीत डॉक्टरांनी आधी तळव्याची जखम धुतली, धनुर्वात होऊ नये म्हणून इंजेक्शन दिलं. जखम भरल्यावर हाड कापलं. प्लास्टर निघालं तेव्हा सुतळी वाटीच्या मधोमध पडली. थोडं लंगडणं राहिलं.

त्याआधीच्या माघात, जतजवळच्या एका वाडीत, साळू नावाची पोरगी तळव्याला काट्याची जखम घेऊन बाबाच्या पाटावरून घरी गेली आणि धनुर्वातानं मेली.